प्लग बसतो, पण चित्र दिसत नाही

प्रश्न : माझ्या जुन्या डेस्कटॉपला मागे निळा व्हीजीए पोर्ट आहे. शेजारी एक पांढरा, लांबट पोर्ट आहे; तो कशाचा ते ठाऊक नाही. नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे. एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी केबल आणली; मध्ये डबी किंवा यूएसबीची शेपटी असं काही नाही. दोन्ही टोकं व्यवस्थित बसली, तरी टीव्हीवर ‘नो सिग्नल’. केबल खराब की टीव्ही?

उत्तर : बहुतेक दोन्ही धडधाकट असतील. व्हीजीए आयबीएमने १९८७ साली आणला, तो काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी. त्याच्या पंधरा पिनांतून लाल, हिरवा आणि निळा रंग कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातो. एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ चा. त्यात सगळा मामला आकड्यांचा, म्हणजे डिजिटल. नुसत्या तारांच्या केबलने व्होल्टेजचे आकडे होत नाहीत, त्यासाठी मध्ये चिप लागते. तुमच्या केबलला मध्ये डबी नाही, वीज घ्यायला यूएसबीची शेपटी नाही, तेव्हा ती तुमच्या कामाची नाही. अशी केबल विकतात तरी का, हे मला आजवर उमगलेलं नाही. जमलं तर परत करा.

पण कन्व्हर्टर आणायला लगेच धावू नका, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ त्या पांढऱ्या पोर्टची आहे. काखेत कळसा म्हणतात तो हा. टॉर्च घेऊन जवळून बघा. चौकोनी भोकांच्या तीन ओळी आणि एका बाजूला आडवी चपटी फट दिसली, तर तो डीव्हीआय, म्हणजे चित्र बाहेर नेणारा आणखी एक पोर्ट. फटीच्या भोवती आणखी चार भोकं असतील तर डीव्हीआय-आय, नसतील तर डीव्हीआय-डी. आपल्याला दोन्ही चालतात. डीव्हीआयचं डिजिटल चित्र आणि एचडीएमआयचं चित्र एकाच पद्धतीने जातं, त्यामुळे इथे साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल पुरते. ना चिप, ना वेगळी वीज. १९२० बाय १०८० चं चित्र आरामात मिळतं. केबल घेताना मात्र पिना नीट बघा : चार जादा पिनांचा डीव्हीआय-आय प्लग डीव्हीआय-डी पोर्टात शिरत नाही. डीव्हीआय-डी प्लग दोन्हीत बसतो, तोच घ्या.

कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी पोर्ट असतील, तर वर यूएसबीच्या घोळक्यातले मदरबोर्डचे आणि खाली आडव्या पट्टीवरचे ग्राफिक्स कार्डचे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा. पुष्कळ जुन्या मशीनमध्ये कार्ड बसवलं की वरचे पोर्ट झोपी जातात आणि माणूस उगाच केबलला शिव्या घालत बसतो.

आवाजाचं काय? डीव्हीआयमधून तो बहुधा येत नाही. मागच्या हिरव्या जॅकला स्पीकर जोडा. टीव्हीला ऑडिओ इन असेल आणि तो त्या एचडीएमआयसोबत चालत असेल, तर तिथेही वायर नेता येईल. चित्र आलं पण खालचा टास्कबार अर्धा कापला गेला, तर दोष संगणकाचा नसतो. टीव्ही जुन्या सवयीने चित्र थोडं फुगवून कडा छाटतो. त्याच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काही सापडेल, ते निवडा. इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ ठेवता आलं तर तेही करा. काही टीव्हींवर त्याने अक्षरांच्या कडांचा रंगीत फराटा जातो.

पांढरा पोर्ट डीव्हीआय निघालाच नाही, तर मग चिपवाला ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर घ्या. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ ही वेगळी वस्तू आहे, ती उलटी लावून चालत नाही. पाकिटावर बाणाची दिशा संगणकाकडून टीव्हीकडे आहे ना, एवढं बघूनच पैसे द्या. त्याची यूएसबी शेपटी आणि आवाजाची वायर, दोन्ही लावावी लागतात.

प्रश्न : लॅपटॉपला यूएसबी-सी आहे. त्यातून एचडीएमआयचा अडॅप्टर लावला, पण टीव्ही काळाच. असं का?

उत्तर : प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर पडत नाही. काही फक्त डेटा आणि चार्जिंगपुरते असतात. पोर्टाजवळ डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेच्या बाणाचं थंडरबोल्टचं चिन्ह आहे का पाहा. खूण नसली तरी सोय असू शकते, म्हणून मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (यूएसबी-सीमधून चित्र बाहेर काढायची सोय) हे शब्द शोधा. ते असतील तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा आणि टीव्हीचा इनपुट तपासा. नसतील तर असल्या साध्या अडॅप्टरने काही व्हायचं नाही. स्वतःची चिप आणि ड्रायव्हर असलेला यूएसबी डिस्प्ले अडॅप्टर लागेल. स्लाइड दाखवायला तो ठीक. गेम खेळायला घेणार असाल तर नका घेऊ.