वरचं आभाळ नको, पाणलोट बघ

अरे, झायनला, म्हणजे अमेरिकेतल्या युटाच्या त्या नॅशनल पार्कात, अरुंद घळी उतरायला पहिल्यांदाच जातोयस ना, मग डोक्यावर निळं आभाळ दिसतंय म्हणून दोर टाकून उतरू नकोस. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनात अँटिलोप कॅनियन या अरुंद घळीत अचानक आलेल्या पुरात ११ जण मेले, आणि पाऊस पडला होता कित्येक मैल वरच्या अंगाला. म्हणून आधी नकाशावर बघ तुझ्या घळीत पाणी कुठून कुठून येतं, आणि फोरकास्ट त्या सगळ्या भागाचा काढ, नुसता पार्किंगचा नको. नॅशनल वेदर सर्व्हिसचं (अमेरिकेचं हवामान खातं) फ्लॅश फ्लड रेटिंग, म्हणजे अचानक पूर येण्याची शक्यता किती ते, निघायच्या सकाळी परत चेक कर, 'पॉसिबल' (पूर येऊ शकतो) असलं तरी मी अरुंद घळीत जात नाही. जुलै ते सप्टेंबर तर जास्तच जप, दुपारी ढग चढतात. आत पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या की बॅग सोड आणि उंचावर चढ, लगेच.