जुन्या ठाण्यातील सांस्कृतिक कार्यक्रमांना जायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

आपण घोडबंदर रस्त्यावर नुकतेच राहायला आला आहात, घरी शाळकरी मुलगी आणि वयस्कर सासूबाई आहेत, आणि तलावपाळी (म्हणजे मासुंदा तलावाचा काठ)-नौपाडा भागात नेमके काय चालते, कोणत्या कार्यक्रमाला सगळ्यांनी मिळून जाता येईल, असे आपण विचारले आहे. मी नौपाड्यातच राहतो. माझे मत असे की सुरुवात मोठ्या उत्सवांपासून न करता, ठरलेल्या वारी किंवा ठरलेल्या महिन्यात गाजावाजा न करता होणाऱ्या विनामूल्य कार्यक्रमांपासून करावी. उत्सवात आपण गर्दीचा भाग होतो, तर या कार्यक्रमांना दोन-चार वेळा गेलात की शेजारच्या खुर्चीवरील माणूस आपणहून ओळख काढतो.

अशा कार्यक्रमांत पहिले नाव घंटाळीच्या जिजामाता उद्यानात बुधवारी संध्याकाळी भरणाऱ्या आचार्य अत्रे कट्ट्याचे. येथे कधी डॉक्टर बोलतात, कधी गिर्यारोहक, कधी एखादा कवी. श्रोत्यांत निवृत्त मंडळी अधिक असल्याने सासूबाईंना येथे परके वाटणार नाही. भाषण संपल्यावरची प्रश्नोत्तरे मात्र चुकवू नयेत, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी त्याच विषयात आयुष्य घालवलेले असते आणि मग वक्त्याला सावरून बोलावे लागते. मुलीला अभिनयाची आवड असेल तर किरण नाकती यांनी सुरू केलेला अभिनय कट्टा पाहावा. तेथे नवखी मुले एकपात्री, द्विपात्री प्रवेश आणि छोट्या नाटिका सादर करतात. सगळेच सादरीकरण रंगते असे नाही, पण आपल्याच वयाची मुले प्रेक्षकांसमोर उभी राहताना पाहणे हेही एक शिक्षण आहे.

जानेवारीत नौपाड्यातील सरस्वती शाळेच्या मैदानावर रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला होते. म्हाळगी हे ठाण्याचे खासदार होते. त्यांच्या नावाची ही व्याख्यानमाला ऐकायला थंडीच्या रात्री, स्वेटर-मफलर घालून, लोक वेळेआधी येऊन जागा धरतात. ठाणे महानगरपालिका पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरवते, तोही असाच आवर्जून गाठावा. पंडितजी ठाण्यात राहत असत, आणि शास्त्रीय गायक व संगीत रंगभूमीवरील नट या दोन्ही नात्यांनी त्यांना मानणारे श्रोते येथे अजून आहेत. त्यामुळे दाद कोठे द्यायची हे या सभागृहाला नेमके कळते.

नाटकांसाठी मासुंदा तलावाकाठचे राम गणेश गडकरी रंगायतन आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही वास्तू दीर्घ नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली. आपल्याला खरे तर मानपाड्याचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ पडेल, ते नवे आणि प्रशस्त आहे, तेथे लघुप्रेक्षागृहही आहे. तरीही पहिले नाटक रंगायतनातच पाहावे असे मी म्हणेन. दारातील फलकावर पुढच्या प्रयोगांची नावे वाचत उभी असलेली माणसे, मध्यंतरात बटाटेवड्यासाठी उडणारी झुंबड, आणि प्रयोग सुटल्यावर तलावाच्या कठड्यापाशी रेंगाळत नटाच्या कामाची चिरफाड करणारे प्रेक्षक, हे सगळे जमून येते ते वास्तू बाजाराच्या आणि तलावाच्या मधोमध असल्यामुळे. मानपाड्याला प्रयोग सुटला की सगळे वाहनतळाकडे धावतात. (वाहनाचेच म्हणाल, तर रंगायतनाशी गाडी लावण्याची आशा धरू नये. रिक्षाने किंवा बसने यावे.)

मराठी ग्रंथसंग्रहालय हे नाव कार्यक्रमांच्या यादीत सहसा नसते, पण मी ते मुद्दाम सांगतो. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी ही संस्था स्थापन झाली. मुलीचे नाव तेथे नोंदवले, तर पुस्तके बदलण्याच्या निमित्ताने आपले जुन्या ठाण्यात येणे आपोआप होईल, आणि कार्यक्रमांची माहितीही जाता-येताच मिळेल, कारण या भागात अजूनही बरीचशी माहिती भिंतीवरच्या आणि नाक्यावरच्या फलकांतूनच कळते. घरी स्थानिक दैनिक घेत असाल तर त्यातील ‘आजचे कार्यक्रम’सारखी छोटी सदरे वाचावीत.

आता उत्सव. गुढीपाडव्याच्या सकाळची नववर्ष स्वागतयात्रा एकदा तरी पाहावीच. डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेली ही प्रथा ठाण्यात कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यासाने रुजवली. कौपिनेश्वर महादेवाची पालखी, लेझीम, ढोल-ताशा, संस्थांचे चित्ररथ आणि नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या स्त्रिया असा तिचा थाट असतो. सासूबाईंना जांभळी नाक्याच्या दाटीत न नेता पुढे गोखले रस्त्यावर किंवा राम मारुती रस्त्यावर सावलीची जागा पाहून थांबावे. दिवाळी पहाटेबद्दल मात्र मी हात राखून बोलेन. तलावपाळी आणि राम मारुती रस्त्यावर त्या सकाळी तरुणाईची इतकी गर्दी लोटते आणि ध्वनिवर्धक एकमेकांवर असे आदळतात, की गाणे ऐकण्याच्या इच्छेने गेलेला माणूस वैतागून परततो. मुलगी कॉलेजात गेली की मैत्रिणींबरोबर जाईलच. आपण तिघींनी त्या दिवशी एखाद्या बंदिस्त सभागृहातील मैफलीची तिकिटे आधी काढून ठेवलेली बरी.

रात्रीच्या प्रयोगानंतर घोडबंदरकडे जायला रिक्षावाले कुरकुर करतात. सासूबाई बरोबर असतील तेव्हा दुपारचा प्रयोग निवडावा, म्हणजे उजेड असताना बाहेर पडून तलावपाळीला एक फेरी मारता येते आणि परतीची बसही सहज मिळते.