पणजोबांची पलटण शोधताना

थेट मराठा सेंटरच्या (बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर) गेटवर जाऊ नका, "शिपायाचा नंबर काय?" या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडेल. आधी घरातली ट्रंक उपसा. पहिल्या महायुद्धाचं पदक मिळालं तर त्याची कड उन्हात तिरकी धरा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण बहुधा तिथे कोरलेलं असतं. आणि ब्रासो लावून घासू नका हो, अक्षरं झिजतात!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- आडनाव धरून बसतात. जुन्या नोंदींत ते असेलच असं नाही. वडिलांचं नाव, गाव, तालुका हाताशी ठेवा.
- आता कोल्हापूर जिल्ह्यात असलेलं चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणजे जुन्या नोंदींत जिल्हा बेळगाव असणार, हे विसरतात.
- ११० किंवा ११७ मराठा वाचून गोंधळतात. १९२२ साली या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या.

पणजोबा युद्धात कामी आले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) यादी नेटवर फुकट बघता येते. लंडनमध्ये असलेले जुने लष्करी कागद नंतर बघू.