विद्युत सहायक म्हणून पहिल्यांदा हजर होताय? आधी एवढं बघा

अभिनंदन! तासगाव उपविभाग मिळाला म्हणजे घराजवळच आलात की.

पहिली गोष्ट, आपलं 'बोर्ड' राहिलं नाही. गावात अजून एमएसईबीच म्हणतात, पण 2005 साली त्याचे तुकडे झाले. कोयनेला वीज तयार करते ती महानिर्मिती, मोठ्या टॉवरच्या लाइनी महापारेषणच्या, आणि डीपीपासून (गावातलं ट्रान्सफॉर्मर) मीटरपर्यंतची बोलणी खातो ते आपण, महावितरण.

साखळी पाठ करा:
- शाखा: कनिष्ठ किंवा सहायक अभियंता. तुमचा रोजचा साहेब हाच.
- उपविभाग: उपकार्यकारी अभियंता
- विभाग: कार्यकारी अभियंता
- सांगली मंडळ: अधीक्षक अभियंता
- त्यावर कोल्हापूर परिमंडळ: मुख्य अभियंता

(सातारा मंडळ मात्र बारामती परिमंडळात. बदलीच्या गप्पांत नवी पोरं इथंच गोंधळतात.)

नव्यांची नेहमीची चूक म्हणजे शाखेला डावलून थेट विभागात फोन. मीही केला होता, महिनाभर साहेब बोलले नाहीत. रजा असो की साहित्य, अर्ज शाखेतूनच वर जाऊ द्या.

दुसरी चूक जिवावरची. उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट (लाइन बंद करून कामाची परवानगी) घेतल्याशिवाय आणि लाइन अर्थ केल्याशिवाय (जमिनीला जोडल्याशिवाय) खांबावर चढायचं नाही, वरिष्ठ तंत्रज्ञ "चढ रे" म्हणाला तरी. बंद लाइनीतही कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येतो. द्राक्षवाले पंपासाठी कितीही ओरडू देत.

प्रमोशन, सिनॉरिटी, युनियन हे नंतर बघू. आधी आपल्या फीडरवरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनीवरचे) डीपी पायी फिरून ओळखा.