पावसाळ्यात मेळघाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कॉलेजची वीस मुलं दिवाळीत मेळघाटात कपडे आणि फराळ वाटायला जाणार आहेत. आणखी काय न्यावं? (एक प्राध्यापक, वर्धा)

उत्तर : कपडे न्यायचेच असतील तर आधी गावात विचारा. न विचारता नेलेली गाठोडी बहुतेकदा पडून राहतात. माणसांची खरी गरज असते जुलै ते सप्टेंबरमध्ये. घरचं धान्य सरत आलेलं, आई दिवसभर निंदणाला, लहान मूल मोठ्या भावंडाच्या कडेवर. त्यात हगवण, न्यूमोनिया, मलेरिया, आणि नाल्याला पूर आला की धारणी-चिखलदऱ्याच्या दवाखान्यांकडे जाणारी वाटच बंद. तेव्हा दिवाळी सोडा, पावसाळा धरा. विसांनी एकदम जाऊ नका. चार-चार जणांच्या तुकड्या करा, दहा-दहा दिवसांच्या. नवी तुकडी आल्यावर एक दिवस दोन्ही तुकड्यांनी सोबत फिरावं, घरोघरच्या मुलांच्या नोंदींची वही हातोहात द्यावी, मगच जुनीनं निघावं. नाहीतर दहा दिवसांत ओळखीची झालेली घरं पुन्हा अनोळखी होतात.

निघण्याआधी तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. गाव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर वनविभागाची परवानगी काढा. शिधा स्वतःचा न्या, माणशी रोज अर्धा किलो धान्य आणि शंभर ग्रॅम डाळ. मच्छरदाणी आणि बॅटरी विसरू नका.

प्रश्न : अंगणवाडीत मुलांचं वजन होतंच. मग आम्ही दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन फिरून काय उपयोग? (नर्सिंगची विद्यार्थिनी, यवतमाळ)

उत्तर : वजन होतं ते अंगणवाडीत आलेल्या मुलाचं. सर्वांत अशक्त मूल बरेचदा आईबरोबर शेतातल्या झोपडीत असतं, आणि पट्टी तिथवर नेता येते. 6 महिने ते 5 वर्षं वयाच्या मुलाचा डावा दंड मोजायचा. कोपर काटकोनात दुमडून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करा. मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळा. ती कातडीला टेकावी, पण कातडी दबू नये. माप 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या आत मध्यम. चुका ठरलेल्याच: मध्य अंदाजानं धरणं, बाहीवरून मोजणं, मूल रडून हात ताठ करतं तेव्हाच आकडा लिहिणं. आईच्या मांडीवर शांत होऊ द्या, दोनदा मोजा.

माप चांगलं आलं तरी पाय बघा. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. खड्डा तसाच राहिला तर ती सूज, आणि असं मूल त्याच दिवशी दवाखान्यात गेलं पाहिजे. भूक मेलेली, धाप लागलेली किंवा मूल मलूल पडलेलं असेल तरी तेच करा. बाकीच्या तीव्र कुपोषित मुलांची नावं त्याच दिवशी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला द्या.

पोषण पुनर्वसन केंद्रात भरती झालेली आई बरेचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत येते, कारण घरी दुसरी लेकरं आणि शेत. भरती करतानाच ‘घरी कोण बघेल?’ हे आजीशी, शेजारणीशी बोलून ठरवा. पट्टीइतकंच हेही तुमचं काम आहे.

प्रश्न : जुलाबाची साथ आली की विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) टाकतो, तरी साथ हटत नाही. कुठं चुकतं? (ग्रामपंचायत सदस्य, परतवाडा परिसर)

उत्तर : बहुधा पावडर शिळी असते, नाहीतर कोरडीच फेकलेली असते. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसता चुना उरतो. हिशेब असा: ताजी पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर खोल असेल, तर 3.14 × 3 × 3 × 4 भागिले 4, म्हणजे सुमारे 28 घनमीटर, 28 हजार लिटर. पावडर लागेल 70 ग्रॅम.

ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं थांबा. खाली बसलेला चुना विहिरीत जाऊ देऊ नका. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडा आणि जोरात वर-खाली हलवा. नंतर तासभर कुणी पाणी भरू नये. मग जलसुरक्षकाकडून (गावचं पाणी तपासणारा ग्रामपंचायतीचा माणूस) ओटी चाचणी करून घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते कळेल. पिवळा रंग आलाच नाही तर मात्रा वाढवा. पुराचं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून पावसाळ्यात रोज तपासा.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेलाभर पाण्यात घातलं तर ते अति खारट होऊन बाळाला अपाय करतं. सोबत झिंक, 6 महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिग्रॅ, 14 दिवस. जुलाब थांबले तरी.

प्रश्न : बाळाच्या पोटावर डंबा दिलेला दिसला तर काय करावं? (समाजकार्याचा विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : आईला रागवू नका. पोट फुगलं, श्वास लागला म्हणून तिनं तापल्या लोखंडाचे चटके देऊ दिले. मूळ आजार अजून तसाच आहे, त्यात जखम चिघळण्याची भीती. जखमेवर काही लावू नका, स्वच्छ कापडानं झाका आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्या. भूमकाशी, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूशी, आदरानं बोला, कारण लोक आधी त्याच्याकडेच जातात. ‘दवाखान्यात ने’ हे तो म्हणाला की घरचे ऐकतात. जाताना कोरकू बोलणाऱ्या आशाताईंना सोबत घ्या. डॉक्टरांनी काय सांगितलं हे आईला तिच्या भाषेत कळलं, तरच औषध पूर्ण दिलं जाईल.