बडोद्यात राहून स्केल मॉडेल गाड्यांचा छंद सुरू करता येईल का? पहिल्या किटमध्ये डिटेलिंग किती करावं?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: बडोद्यात फ्लॅटमध्ये राहता, १/२४ मापाचं गाडीचं किट घ्यायचंय, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नाही, पावसाळा सुरू आहे, आणि लोक इंजिनातल्या वायरी आणि सीटबेल्टची बकलं करताना बघून प्रश्न पडलाय की पहिल्याच गाडीत हे सगळं करायचं का. मी दांडिया बाजारातला. हा छंद शाळेपासूनचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. पहिल्या गाडीत दोनच गोष्टींवर जीव ओता. एक म्हणजे बॉडीचा रंग, आणि दुसरी, गाडी चाकांवर कशी बसते ती. कपाटातली गाडी बघणाऱ्याची नजर आधी या दोनांवरच जाते. इंजिनात कितीही वायरी ओढल्या, आणि टपावर साच्याची रेघ (साच्याचे भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर उठणारी) तशीच राहिली, तर ती गाडी खेळणंच दिसते.

याचं कारण मापात आहे. १/२४ म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटर. खऱ्या गाडीवर कंपनीतून येणारा रंग सगळे थर धरून साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाड असतो. तेवढाच थर मॉडेलवर बसला, तर मापाच्या हिशेबात तो अडीच-तीन मिलिमीटरचा लेप झाला. दरवाजा आणि मडगार्ड यांच्यातली फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ती जेमतेम ०.१७ मिलिमीटर हवी. म्हणजे प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे तीन हात सढळ हाताने मारले की दरवाजाच्या रेषा बुजल्याच म्हणून समजा. म्हणून प्रायमरच्या आधी ब्लेडच्या पाठीने सगळ्या पॅनल लाइन, म्हणजे दरवाजा-बॉनेटच्या फटींच्या या रेषा, हलक्या हाताने थोड्या खोल करून घ्यायच्या. जोर लावायचा नाही. ब्लेड नुसतं स्वतःच्या वजनाने रेषेतून दोन-तीनदा ओढायचं.

किट कुठलं घ्यावं? हात अगदीच नवा असेल तर आओशिमा या जपानी कंपनीची १/३२ मापाची, नुसती दाबून जोडायची स्नॅप किटं आहेत. रंगीत प्लास्टिक, गोंद नको, रंग नको. त्यात सुझुकी जिम्नी आहे. आपल्याकडे २०२३ पासून मारुतीची पाच दरवाजांची जिम्नी मिळते, किट तीन दरवाजांचं आहे, पण पुढची जाळी, दिवे, बंपर रस्त्यावर उभ्या गाडीशी ताडून बघता येतात, आणि या छंदाची अर्धी मजा त्यातच आहे. थेट १/२४ पासून सुरू करायचं असेल तर तामिया या जपानी कंपनीची माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर ८६ घ्या. दोन्हींत इंजिन नाही, बॉनेट बंद, आणि भाग असे जुळतात की पुट्टी काढावीच लागत नाही. तामियाचीच मर्सिडीज ३०० एसएल फार देखणी आहे, आत नळ्यांची चौकट, इंजिन, वर उघडणारे दरवाजे. पण ती पहिली घेऊ नका, तिसरी-चौथी घ्या. जुन्या अमेरिकन साच्यांची १/२५ किटं स्वस्तात दिसली तरी सध्या थांबा. त्यांत बंपर वाकडा निघणं, चाकं कमानीच्या फार आत बसणं हे नेहमीचं असतं.

आता बॉडी. डिशवॉशच्या पाण्याने धुवा, साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा जायला हवा. मग उजेडात तिरकी धरून साच्याची रेघ शोधा. ती बहुतेक टपाच्या कडेने मागच्या खांबावरून मडगार्डवर उतरते, आणि बंपरच्या कोपऱ्यावर एक असते. ब्लेडची पाठ आडवी ओढून ती खरवडा, मग ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवा. हा पेपर डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तोच, रंगाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं, तिथल्या मिस्त्रींचं काम बघत मी उभा राहायचो. ते पाण्यात साबणाचा थेंब टाकायचे, पेपर रबराच्या तुकड्याला गुंडाळायचे आणि दर दोन-तीन हातांनी पृष्ठभाग पुसून बोटाच्या टोकाने चाचपायचे. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. मॉडेलवर मी आजही तसंच करतो.

एअरब्रश नसला तरी काही अडत नाही. तामियाचे टीएस मालिकेतले स्प्रे पॉलिस्टायरीनसाठीच, म्हणजे किटच्या प्लास्टिकसाठीच आहेत. कॅनवर टीएस आहे ना ते मात्र बघून घ्या. पीएस मालिका आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असते, ती किटवर चालत नाही. प्रायमरला तामियाचा फाइन सरफेस प्रायमर किंवा मिस्टर सरफेसर १००० घ्या. पिवळा किंवा लाल रंग द्यायचा असेल तर पांढऱ्या प्रायमरवर द्या, राखाडीवर तो मळका दिसतो. प्लास्टिकच लाल असेल आणि वर पांढरा द्यायचा असेल, तर मधे चंदेरीचा एक हात हवा, नाहीतर लाल झिरपून पांढऱ्याचा गुलाबी होतो.

स्प्रेचा कॅन कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात नाही, आणि शेगडीच्या जवळपासही नाही. अंतर पंधरा ते वीस सेंटिमीटर. दाब बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, सरळ ओढत न्यायचा आणि पलीकडे बाहेर जाऊन सोडायचा. पहिले दोन हात इतके हलके की खालचा प्रायमर दिसत राहतो, मधे दहा-पंधरा मिनिटं, मग एक ओला हात. ओला म्हणजे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉडीत सरळ रेषेत दिसायला लागतं तिथपर्यंत, त्यापुढे एक फवाराही नाही. आधी घरात पडलेल्या जुन्या सीडीच्या कव्हरवर हात बसवा, ती पॉलिस्टायरीनचीच असतात. मग बॉडी झाकून ठेवा आणि रोज नाकाजवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास पूर्ण गेला की रंग आतपर्यंत वाळला. वास येतोय तोवर वॉटर पेपर लावायचा नाही.

पुढे कधी एअरब्रश घेतलात तर गाड्यांचा ड्युको रंग वापरायचा मोह होईल. साध्या रंगाला हरकत नाही, पण प्रायमर नसलेल्या प्लास्टिकवर त्याचा थिनर पडला की पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. मेटॅलिक तर घेऊच नका. खऱ्या गाडीसाठीचे चंदेरी कण १/२४ च्या मानाने फार मोठे असतात, रंगात रवा पडल्यासारखे दिसतात.

बडोद्याच्या हवेचं बोलू, कारण इथे खरी गोम आहे. विश्वामित्री नदीला पाणी चढलेलं असतं त्या दिवसांत लॅकर (टीएस स्प्रे त्यातलेच) मारला की चकचकीत काळ्यावर पांढुरका पडदा येतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर निर्धास्त मारा, सत्तरच्या वर गेली तर कॅनला हात लावू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते घ्याच. मे महिन्यात उलटं होतं: बेचाळीस अंशांत थेंब बॉडीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. तेव्हा पहाटेच फवारा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

फ्लॅटमध्ये राहता म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरच्या वाफेला थांबवत नाही. ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. बाल्कनीत किंवा गच्चीवर मारा, घरात लहान मूल असेल तर बंद खोलीत अजिबात नाही. दोन भाग मिसळून लावायचा टू-के क्लिअर काचेसारखा चमकतो खरा, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. घरात तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. टीएस-१३ क्लिअर, मग २००० आणि ३००० चा पेपर, मग तामियाची तीन कंपाउंडं (घासून चमक आणायच्या पेस्ट), यातून हवी ती चमक मिळते. घासताना मडगार्डच्या आणि दरवाजाच्या कडांवर मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवा, रंग सगळ्यात आधी तिथेच निघतो.

दुसरी गोष्ट, गाडीची बसण. रंगाच्या आधी बॉडी, चासी आणि चाकं कोरडी जोडून काचेवर ठेवा. चारही चाकं टेकतात का ते पाहा. समोरून बघा, टायर कमानीत किती आत आहे. एक मिलिमीटर उंच राहिली तर खऱ्या मापात गाडी अडीच सेंटिमीटर वर उचलली गेली, आणि ते लांबूनही कळतं. टायरच्या मधली साच्याची रेघ वॉटर पेपरवर फिरवून काढा, त्याने रबराची खोटी चमकही जाते.

या दोन गोष्टी जमल्या की डिटेलिंगला हात घाला, आणि तिथेही सुरुवात मापापासूनच करा. खरा सीटबेल्ट साधारण ४८ मिलिमीटर रुंद, म्हणजे मॉडेलवर दोन मिलिमीटर. मंगळ बाजारात लेस-रिबिनीच्या दुकानांत अरुंद रिबीन मिळते, नाहीतर मास्किंग टेपची पट्टी कापून रंगवा. स्पार्क प्लगची वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे इथे ०.३ मिलिमीटरची तार, ती दागिन्यांचं सामान विकणाऱ्यांकडे असते. बहुतेकांच्या इंजिनातल्या वायरी पाइपाएवढ्या जाड होतात, कारण हाताशी असेल ती तार लावली जाते. जाड तारेपेक्षा तार नसलेली बरी. पॅनल लाइनमध्ये पातळ रंग सोडताना पांढऱ्या गाडीला राखाडी, लालला गडद तपकिरी घ्या. सगळीकडे काळा घातला की गाडी पेनने काढल्यासारखी दिसते. खिडक्यांच्या रबराला एकदम मॅट काळा नको, अर्धवट चमकीचा घ्या. काचा आणि दिव्यांची भिंगं लावायला साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम, वाळला की पारदर्शक होतो. फेविक्विक काचेजवळही नेऊ नका, त्याच्या वाफेने काच दुधाळ होते.

संदर्भासाठी खऱ्या गाड्यांचे फोटो जमवत राहा. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. असं काही पुन्हा भरलं तर कॅमेरा खाली धरा. अख्ख्या गाडीचे फोटो सगळे काढतात, तुम्हाला हवे असतात ते पेडलचे, दरवाजाच्या बिजागरीचे, सीटच्या शिवणीचे आणि चासीच्या खालच्या रंगाचे.

स्प्रे कॅन विमानाने जात नाहीत, त्यामुळे ते रस्त्याने आणि उशिरा येतात, ऑर्डर आत्ताच द्या. पावसाळाभर थांबायचं कारण नाही. बॉडी घासणं, पॅनल लाइन, चासी, आतला भाग, सीट, डॅशबोर्ड हे सगळं पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिकने आणि ब्रशने आत्ता होऊ शकतं. बॉडीचा स्प्रे दिवाळीनंतर मारा आणि क्लिअरसुद्धा उत्तरायणाच्या बऱ्याच आधी उरका, कारण पतंग सुरू झाले की गच्ची कोणी मोकळी ठेवत नाही.