माडग्याळी मेंढ्या घ्यायला निघण्याआधी

नागपूर

प्रिय,

माडग्याळी मेंढ्यांच्या दहा माद्या आणि एक नर घेऊन सुरुवात करायचं म्हणतोस, ते बरोबर आहे. यापेक्षा जास्त घेऊ नकोस. पण या मेंढ्यांच्या मुलखात, सांगली जिल्ह्यातल्या जतला, निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: माडग्याळी मेंढी कोरड्या माळावर घडलेली आहे. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपली काळी माती चार महिने खुरांना सोडत नाही. इथं ही जात बिघडते ती खुरांत आणि पोटात, म्हणून निवडही तेच बघून करायची.

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर, एवढ्याच काळात खरेदी कर. मे महिन्याच्या उन्हात सातशेच्या आसपास किलोमीटरचा प्रवास घडवलास तर जनावरं गाडीतच मान टाकतील. पावसाळ्यात आणलीस तर थेट चिखलात उतरतील. बकरी ईदच्या आधी नरांचे भाव चढतात, तेव्हाही जाऊ नकोस.

बाजारातून घेऊ नकोस, पैदासकाराच्या वाड्यावर जा. बाजारात जनावर दिसतं, त्याची आई दिसत नाही. वाड्यावर सकाळी कळप सोडायच्या वेळी उभा राहा. कोण लंगडतंय, कोण मागं राहतंय, कोणाच्या शेपटीखाली घाण चिकटली आहे, हे तेव्हाच कळतं. घरी आणून बांधल्यावर सगळ्याच मेंढ्या सारख्या दिसतात.

राघूसारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब मान ही जातीची खूण आहे. पण नुसत्या नाकावर पैसे मोजले जातात तिथंच नवखा फसतो. नाक फार बाकदार असेल तर ओठ उचलून बघ. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीवर बरोबर टेकायला हवेत. पुढं-मागं असतील तर ते जनावर चरून पोट भरू शकणार नाही, आणि हा दोष पिलांतही उतरतो. वयही दातांवरूनच ठरतं. कायमची पहिली जोडी साधारण सव्वा ते दीड वर्षात येते, आठ दात पूर्ण व्हायला साडेतीन-चार वर्षं लागतात. माद्या दोन किंवा चार दाती घे.

आता डोळा. सावलीत नको, उजेडात बघ. एका अंगठ्यानं वरची पापणी हलकेच दाबून दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढ. आतलं अस्तर लालसर-गुलाबी दिसलं तर ठीक. पांढुरकं दिसलं तर पोटातले जंत रक्त पिताहेत असं समज. जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज असेल तर ते जनावर फुकटही घेऊ नकोस.

मादीची कास दोन्ही हातांत घेऊन दाबून बघ. गाठ लागली तर ती बाजू दूध देणार नाही. नराची दोन्ही अंडं सारखी, घट्ट आणि पिशवीत मोकळी हलणारी हवीत. एक लहान किंवा कडक गाठीचं असलं की नर सोडून दे, किंमत कितीही उतरवली तरी. चारही खूर उचलून बोटांमध्ये वास घे. कुजका वास आला तर तो वाडाच सोड. खूरकूज तुझ्या गोठ्यात एकदा शिरली की काढायला वर्ष जातं.

माद्या एका वाड्यातून आणि नर दुसऱ्या गावातून घे, म्हणजे भाऊबहिणींची पैदास होणार नाही. इसार दे, पण उरलेले पैसे ब्रुसेलाच्या रक्ततपासणीचा निकाल आल्यावरच दे. हा रोग गर्भपात घडवतो आणि माणसालाही होतो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी आणि आंत्रविषाराच्या लसी कधी टोचल्या, त्या तारखा लिहून घे. जनावराच्या ओळखीचा बारा आकडी टॅग कानात हवा आणि पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला गाडीत हवा.

नर वेगळ्या कप्प्यात चढव आणि रात्रीचा प्रवास कर. विकणाऱ्याकडून त्याच्याच चाऱ्याची दोन पोती माग, हे सगळे विसरतात. घरी आल्यावर तो चारा आपल्या तुरीच्या-हरभऱ्याच्या कुटारात (भुशात) मिसळत दहा-बारा दिवसांत बदल. एकदम सोयाबीन किंवा धान्य घातलंस तर पोट आंबून जनावर बसेल.

एक महिना जुन्या जनावरांपासून लांब ठेव. पहिल्याच दिवशी वजन करून जंतनाशक पाज आणि दोन दिवस कोरड्या अंगणातच ठेव, म्हणजे जंतांची अंडी चराईत पडणार नाहीत. गाभण असण्याची शंका असेल तर अल्बेंडाझोल देऊ नकोस, पहिल्या महिन्यातल्या गर्भाला ते घातक आहे. औषध दिल्यावर साधारण पंधरा दिवसांनी लेंड्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून घे. अंडी दिसत राहिली तर त्या जंतांवर ते औषध चालत नाही असं धर आणि डॉक्टरांना विचारून बदल. खुरांसाठी दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट घाल आणि त्यात पाच मिनिटं उभं कर. मोरचूद नको, त्यात तांबं असतं. मेंढीला तांबं चटकन बाधतं, म्हणून गाईसाठीचं खनिज मिश्रणही तिला कधी देऊ नकोस.

नराबाबत घाई करशील, म्हणून आधीच सांगतो. फेब्रुवारीत सोडलास तर दीडशे दिवसांनी, म्हणजे ऐन जुलैत, कोकरं चिखलात पडतील. मेच्या उन्हानं नराचं वीर्यही मंदावतं आणि सुधारायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणून तो वेगळाच ठेव, सावली आणि थंड पाणी दे, आणि जुलैच्या मध्याला सोड. माज साधारण सतरा दिवसांनी परततो, तेव्हा पस्तीस दिवस ठेवून काढून घे. कोकरं डिसेंबर-जानेवारीत येतील. तेव्हा रात्री गारठा असतो, त्यासाठी कुटाराचा जाड थर अंथरून ठेव.